पाय कुणाचे, नाव कुणाचं?

मु. पो. वळसंग,
ता. दक्षिण सोलापूर

प्रिय लेकी,



तुझं पत्र पोचलं. कॉलेजच्या चित्रपट मंडळात हॉलिवूडचे जुने संगीतपट दाखवतात, आणि ‘स्विंग टाइम’मध्ये फ्रेड अस्टेअर तोंडाला काळं फासून नाचायला आला तेव्हा काही मुलं उठून गेली, काही टाळ्या वाजवत बसली, असं तू लिहिलंस. तू बसून राहिलीस, आणि आता तेच मनाला टोचतंय. ‘आत्या, असले सिनेमे बघावेत का? आणि आपले जुने सिनेमे याहून बरे आहेत का?’ असं तू विचारतेस. दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. बघावेत, जरूर बघावेत. पण नाचणाऱ्याच्या चेहऱ्याबरोबर त्याच्या पायांकडेही बघावं. ते पाऊल त्यानं कुणाकडून उचललं आणि ज्याचं ते मुळात होतं तो माणूस त्या सिनेमात कुठे आहे, हे शोधावं.

‘स्विंग टाइम’ १९३६ सालचा. तू पाहिलास तो नाच बिल रॉबिन्सन या कृष्णवर्णी नर्तकाला मानवंदना म्हणून बसवलेला होता. त्या नाचाच्या नावातलं ‘बोजँगल्स’ हे रॉबिन्सनचंच टोपणनाव. टॅप नाच अमेरिकेत रुजवला आणि वाढवला तो प्रामुख्यानं गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या लेकरांनी, आणि रॉबिन्सन त्यांच्यातला फार मोठा माणूस. गंमत नव्हे, दुःख हे की त्या वर्षी तो हयात होता, कामात होता, हॉलिवूडमध्येच सिनेमे करत होता. त्याला मान द्यायचा ठरला तेव्हा त्याला बोलावलं नाही. गोऱ्या नटानं त्याचा रंग तोंडाला लावला. अस्टेअरच्या मनात आदर नव्हता असं मी म्हणणार नाही. पण आदर मनात असूनही माणसाला दाराबाहेर ठेवता येतं, एवढं त्या नाचातून समजतं.

आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, रॉबिन्सन ‘द लिटल कर्नल’मध्ये शर्ली टेंपल या चिमुरडीबरोबर जिन्यावर नाचला होता. जिन्याचा नाच त्याचा स्वतःचा, रंगमंचावर वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेला. सिनेमात मात्र तो त्या घरचा नोकर. आणि कृष्णवर्णी माणसानं गोऱ्या मुलीचा हात धरलेला दिसतो म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत त्या दृश्याला कात्री लागली. ती पोर तेव्हा सहा-सात वर्षांची होती.

कात्रीची सोय पुढे सिनेमा लिहितानाच करून ठेवू लागले. लीना हॉर्न ही देखणी, गुणी गायिका १९४२ च्या सुमारास एमजीएम कंपनीत आली. तिला कराराचा मान मिळाला, पण बहुतेक संगीतपटांत तिचं काम काय, तर एका खांबाला टेकून एक गाणं म्हणायचं. कथेत तिला जागा नाही, नायक-नायिकेशी बोलणं नाही. कारण दक्षिणेतल्या थिएटरांसाठी तेवढा तुकडा काढून टाकला तरी गोष्ट अडू नये. १९५१ च्या ‘शो बोट’मध्ये ज्युली नावाची मिश्रवंशी स्त्री आहे. लीनाला साजणारी ती भूमिका गोऱ्या एव्हा गार्डनरकडे गेली. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचं प्रेम पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या नियमावलीचीच मनाई होती आणि १९३४ पासून ती नियमावली कडक पाळली जात होती. म्हणजे ही कुणा एका दिग्दर्शकाची खोड नव्हती, ती लिहून काढलेली व्यवस्था होती.

पण तेवढंच बघून थांबू नकोस. १९४३ चा ‘स्टॉर्मी वेदर’ मिळव आणि बघ. त्यात सगळे कलावंत कृष्णवर्णी आहेत, नायक म्हणून बिल रॉबिन्सन आणि नायिका लीना हॉर्न. शेवटाकडे निकोलस बंधू, फेयार्ड आणि हॅरल्ड, मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत, दोन्ही पाय फाकवून बसत आणि पुन्हा उसळून उठत खाली येतात. तो नाच बघताना मला आनंद होतो आणि रागही येतो. एवढं बळ ज्यांच्या पायांत होतं, त्यांना इतर वेळी गोष्टीत जागाच नव्हती.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याच्या घरातला अन्याय लांबूनही स्वच्छ दिसतो आणि आपल्या घरातल्याकडे डोळा सरावलेला असतो.

आपल्याकडचा संगीतपट म्हणजे तमाशापट. गाणं, नाच, थट्टा, शृंगार, सगळं त्यात आहे, आणि मराठी सिनेमाला त्यानं दीर्घकाळ पोसलं. त्याची मोठी सुरुवात आपल्या सोलापूरच्याच माणसाच्या नावानं झाली. ‘लोकशाहीर राम जोशी’ हा सिनेमा व्ही. शांताराम यांच्या राजकमलनं १९४७ मध्ये काढला. पटकथेत ग. दि. माडगूळकर, संगीत वसंत देसाईंचं, कामं जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची. राम जोशी पेशवाईच्या उतरत्या काळातले, सोलापूरच्या वैदिक ब्राह्मण घरातले. त्यांना धोंडी शाहिराच्या फडाची गोडी लागली, घरच्यांनी बाहेर काढलं, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, आणि ती विद्या पुन्हा लावणीतच ओतली. मोठा कवी. पण मला सांग, धोंडी शाहिरावर सिनेमा कुणी काढला? ज्याच्या फडात राम जोशींना ती गोडी लागली त्याचं नाव आज सोलापुरात तरी किती जणांना माहीत आहे?

आणि हे एकाच सिनेमाचं नाही. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे कुलकर्णी. पवळाबाईच्या साथीनं त्यांनी तमाशा गाजवला. त्यांच्यावरही सिनेमा निघाला, आणि लोकांच्या तोंडी आधी नाव बापूरावांचं, मग पवळाचं. १९७२ चा ‘पिंजरा’ घे. त्यातला मास्तर आदर्श गावचा, सोवळा. तमाशातल्या बाईच्या नादानं तो रसातळाला जातो. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि संध्या यांनी कामं जीव ओतून केली आहेत, राम कदमांची चाल अजून गावोगाव वाजते. पण या साऱ्या गोष्टी कुणाच्या डोळ्यांनी सांगितल्या आहेत ते बघ. नायक बहुतेक वेळा बाहेरून तमाशात आलेला. त्यानं काय गमावलं, त्याच्या घराण्याचं काय झालं, याची सिनेमाला काळजी. जी जन्मानंच फडात आहे, जिला जायला दुसरी जागा नाही, ती त्याच्या वाटेतला मोह. तिनं काय गमावलं हे विचारायला कॅमेरा क्वचितच थांबतो.

तमाशा पिढ्यान् पिढ्या जगवला तो महार, मांग, कोल्हाटी आणि अशाच गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींनी. ढोलकी, हलगी, तुणतुणं त्यांचं, गण-गौळण-बतावणी-वग हा सगळा बांधा त्यांच्या फडांनी कसाला लावलेला. सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा ही तर त्यांची खास कमाई. पाटलासमोर एरवी मान खाली घालून उभा राहणारा माणूस बोर्डावर चढला की त्याच पाटलाला चार लोकांत टोमणे हाणू शकत असे. पण फड उतरल्यावर तोच माणूस पाणवठ्यावर जाऊ शकत नव्हता.

आपल्या वळसंगच्या मुलीला हे मी वेगळं सांगायला नको. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या गावात आले आणि इथल्या दलित वस्तीनं स्वतः श्रम करून खोदलेल्या विहिरीचं पाणी प्यायले. ती विहीर तू लहानपणापासून पाहिली आहेस. सालांकडे नीट बघ. १९३५ मध्ये रॉबिन्सनच्या हातात दिलेला लहान मुलीचा हात अमेरिकेत पडद्यावरून कापला जात होता, १९३६ मध्ये अस्टेअर तोंड काळं करून नाचत होता, आणि १९३७ मध्ये वळसंगच्या लोकांना पिण्याच्या पाण्यासाठी आपली विहीर आपणच खणावी लागली होती. दोन्हीकडे बाहेर ठेवलेल्यांच्या कलेला शिवलेलं चालत होतं. माणसाला शिवलेलं चालत नव्हतं.

इथे एक गोष्ट फार जपून समजून घे. आपली कला मोठ्या पडद्यावर दिसली की आपल्याला मान मिळाला, असं त्या कलेच्या धन्यांना नेहमी वाटलं असेल असं समजू नकोस. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी तमाशाच्या कमाईतले पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. तिकडे १९४२ च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला जाऊन हेच सांगत होते की आमच्या माणसांना फक्त नोकर आणि विदूषक म्हणून दाखवणं थांबवा. तेव्हा नोकराण्यांच्या भूमिकांवर पोट असणाऱ्या हॅटी मॅक्डॅनिलसारख्या थोर नटीला ते लागलं. तिचंही खोटं नव्हतं. ती भूमिका सोडली तर दुसरी कोण देणार होतं? आपल्याकडे धर्मांतराच्या काळात अनेक महार घरांनी तमाशा आणि वाजंत्रीचं काम सोडलं. काहींनी सन्मानासाठी कला सोडली, काहींनी कलेसाठी अपमान सोसला. कॉलेजात बसून यातल्या कुणालाही नावं ठेवू नकोस.

मात्र तिसरी वाटही निघाली आणि तिचं मला सगळ्यांत अप्रूप आहे. ती वाट जलशाची. सत्यशोधकांनी आधी आणि आंबेडकरी शाहिरांनी नंतर तमाशाचाच बांधा घेतला. भीमराव कर्डकांच्या जलशासारखे जलसे १९३० च्या दशकात गावोगाव फिरले. गणाचा सूर बदलला, छचोर गौळण गेली, सोंगाड्या राहिला. पण आता त्याची थट्टा मंदिर बंद ठेवणाऱ्यावर, शाळेत वेगळं बसवणाऱ्यावर होती. गाणं होतं, हसणं होतं, आणि सांगणारा माणूस गोष्टीच्या मध्यभागी होता. आपला खरा संगीत-विनोदी रंगमंच तो. त्यावर कॅमेरा लागला नाही, म्हणून तुझ्या चित्रपट मंडळाच्या यादीत तो कधी येणार नाही.

सरकारचंही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली, आणि पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आणली. खऱ्या फडाला परवान्यासाठी खेटे घालावे लागत होते, आणि जवळपास त्याच काळात पडद्यावरचा तमाशा थिएटरं भरत होता. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याच काळात आपल्या जिल्ह्यात, पंढरपूरला जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर तंबू घेऊन यात्रा-जत्रा फिरत होत्या. वडील आणि काका भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा नावाजलेला फड, स्वतः विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव. तरी २००२ साली त्या गेल्या त्या गरिबीतच. शासनानं पुढे त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार ठेवला, हे चांगलं केलं. पण हयातीत औषधपाणी मिळतं तर त्याहून चांगलं झालं असतं.

‘राम जोशी’तल्या हंसा वाडकरांना मात्र तू परकं समजू नकोस. त्या स्वतः कलावंतिणींच्या वंशातल्या आणि ते त्यांनी आपल्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात लपवलं नाही. पडद्यावर दुसऱ्याच्या लेखणीतून आलेली तमाशातली बाई त्यांनी उभी केली आणि पुढे स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. ते पुस्तक अवश्य वाच.

मुंबईच्या हिंदी सिनेमातही हेच दुसऱ्या रूपात घडलं. १९५१ चा ‘अलबेला’ बघ. भगवान पालव म्हणजे आपले भगवानदादा, गिरणी कामगारांच्या वस्तीतून आलेले, बुटके, जाडसर, नायकासारखे अजिबात न दिसणारे. त्यांनी स्वतः सिनेमा काढला, स्वतः नायक झाले आणि साध्या माणसाला जमेल असा नाच देशाला दिला. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. आणि त्या वाद्यवृंदात होते गोव्याचे ख्रिस्ती वादक. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट रामचंद्रांचे सहायक होते. त्या काळच्या कितीतरी हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ या गोवेकरांनी कागदावर उतरवून दिला. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली थोर नावं. पण पडद्यावर ख्रिस्ती माणूस यायचा तो दारुडा म्हणून, नाहीतर क्लबातली नर्तकी म्हणून.

आपल्या सोलापूरकडे बघ. इथे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत, कानडी बोलणारी घरं आहेत, दखनी बोलणारे मुसलमान आहेत, आणि वळसंगच्या बाजारात एका वाक्यात दोन भाषा येतात. मराठी विनोदी सिनेमात यांतलं काय दिसतं? कानडी हेल काढून मराठी बोलणारं एखादं हास्यपात्र. हसायला माझी ना नाही. पण माणूस फक्त त्याच्या बोलण्याच्या ढबीपुरताच पडद्यावर आला तर ते येणं अपुरं आहे.

बदल झालाच नाही असं मात्र नाही, आणि त्याचा मोठा भाग आपल्या जिल्ह्यातून झाला हे मी अभिमानानं लिहिते. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये गोष्ट बाहेरून आलेल्या मास्तराची नाही, मजुरी करणाऱ्या गुणाची आहे, नाच्या झाल्यानं त्याच्यावर काय ओढवलं ते त्याच्याच बाजूनं सांगितलं आहे. मूळ कादंबरी आनंद यादवांची, आणि गुणाचं काम करणारे अतुल कुलकर्णी सोलापुरात शिकलेले. मग करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आले. त्यांनी ‘फँड्री’साठी हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे शोधला, ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू शोधली. आपल्या मातीतले चेहरे, आपली बोली, गोष्टीच्या ऐन मध्यावर. कात्री लावून त्यांना काढायचं म्हटलं तर सिनेमाच उरत नाही.

आणि ‘सैराट’च्या गाण्यांचा वाद्यवृंद कुठे ध्वनिमुद्रित झाला ठाऊक आहे? लॉस एंजेलिसजवळ, सोनीच्या स्टुडिओत. ते आवार पूर्वी एमजीएमचं होतं. ज्या कंपनीनं लीना हॉर्नला कापून टाकता येईल अशा तुकड्यांत बसवलं, तिच्याच जुन्या आवारात करमाळ्याच्या पोरांच्या प्रेमाला सत्तरेक वर्षांनी मोठा वाद्यवृंद मिळाला. मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून उठून गेलेल्या मुलांशी भांडू नकोस. त्यांचा राग खरा आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही हिणवू नकोस. नाच खरोखरच चांगला आहे. तू मात्र तिसरं काम हाती घे. पुढच्या वेळी ‘स्विंग टाइम’ लावाल तेव्हा त्याला जोडून ‘स्टॉर्मी वेदर’ लावा. ‘पिंजरा’ दाखवाल तेव्हा त्याआधी विठाबाईंबद्दल कुणाला तरी बोलायला उभं करा. ज्या घरांतून ही कला आली त्यांतलं कुणी बोलावता आलं तर फारच उत्तम. आणि येणाऱ्याला शाल-नारळाबरोबर मानधनही द्या.

आणखी एक काम सांगते. दिवाळीच्या सुट्टीत तू येशील तेव्हा आपण मोडनिंबला जाऊ. तिथल्या कलाकेंद्रांत आजही बायका लावणी जिवंत ठेवून आहेत. लावणी गाणाऱ्या पंढरपूरच्या सत्यभामाबाईंची बैठकीची अदा कुणी कुणाला शिकवली, हे सांगणारी माणसंही शोधू. तू कॅमेरा आण, पण आधी तो बंद ठेवून बस. त्यांना काय सांगायचं आहे ते ऐक. आणि पुढे तू जो काही लघुपट करशील, त्यात नाचणारीचं, ढोलकीवाल्याचं, चाल शिकवणाऱ्या म्हातारीचं, प्रत्येकाचं नाव त्यांची परवानगी घेऊन पडद्यावर लिही. दिग्दर्शक म्हणून तुझं नाव येईल त्याच आकाराच्या अक्षरांत लिही.

अभ्यास कर, तब्येत सांभाळ. घरी सगळे ठीक आहेत.

तुझी,
आत्या